गाडी आपली, घाट त्यांचा

वाचकांचे प्रश्न : गाडी, रस्ता आणि प्रवास

दिवाळी सरली की या सदराच्या पत्रांचा नूर पालटतो. पावसाळाभर वायपर, ब्रेक आणि गगनबावड्याच्या धुक्याबद्दल विचारणारी मंडळी आता एकदम बर्फावर घसरतात. यंदाची बहुतेक पत्रं मनालीची आहेत, म्हणून हा अंक त्याच रस्त्यावर.

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही सहा जण एकाच तालमीतले मित्र. २५ डिसेंबरला मनालीच्या बर्फात उभं राहून फोटो काढायचा हे पक्कं झालंय. एकाच्या वडिलांची पेट्रोल अर्टिगा आहे, तीन वर्षांची, कंडिशन एक नंबर. सुट्टी नऊ दिवसांची. दोघं पट्टीचे ड्रायव्हर आहेत. आळीपाळीनं रात्रंदिवस चालवली तर दोन दिवसांत पोचतो. घरचे नको म्हणतात, पण तुम्ही हो म्हणालात तर ऐकतील. बर्फात गाडी चालवायच्या टिप्सही द्या.
— सहा मित्र, शिवाजी पेठ

उत्तर : पोरांनो, घरच्यांना पटवायला माझा खांदा वापरताय, ते कळलं बरं का. आधी तुमचा हिशेब बघू.

कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलात की तो राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता पुणे, मुंबईची कड, सुरत, बडोदा, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत दिल्लीला जातो. म्हणजे दिशा चुकायची भीती नाही, नाकासमोर चालत राहायचं. पण मनाली तिथून अजून पाचशेच्या वर किलोमीटर. एका बाजूचं अंतर सव्वादोन हजारांच्या पुढं जातं, जाऊन-येऊन साडेचार हजार धरा. दिवसाउजेडी, दोन वेळचं जेवून, माणसासारखं चालवलं तर रोजचे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर होतात. चार दिवस जायला, चार यायला. नऊ दिवसांतला उरला एक. त्या एका दिवसात फोटो काढणार की झोप काढणार?

तुम्ही म्हणाल, म्हणून तर रात्री चालवणार. मी टुरिस्ट गाडीवर उमेदीची वर्षं काढली, नंतर उद्यमनगरात गाड्यांच्या कामात हात काळे केले. ‘आळीपाळीनं’ ही कल्पना कागदावरच छान दिसते. दुसरा ड्रायव्हर मागं झोपतो म्हणतात, पण सहा जणांच्या गाडीत, एकाचं डोकं खांद्यावर आणि दुसऱ्याची बॅग मांडीवर असताना त्याची झोप होत नाही, नुसते डोळे मिटलेले असतात. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. चालवणारा डोळे उघडे ठेवून झोपतो आणि बाजूला बसलेला, ज्यानं त्याला बोलतं ठेवायचं, तो त्याच्याआधी लवंडलेला असतो.

त्यात तुमची तारीख. डिसेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य म्हणजे हरियाणा-पंजाबात दाट धुक्याचे दिवस. आपल्या आंबा घाटातलं धुकं वळणावर येतं आणि पुढच्या वळणावर सोडतं. तिकडचं धुकं सपाटीवर शेकडो किलोमीटर पसरून बसतं, बॉनेटच्या पुढं काही दिसत नाही, आणि त्या पांढऱ्यात विनालाइटची ट्रॉली उसाच्या मोळ्या घेऊन उभी असते. ऊस आणि ट्रॉली कोल्हापूरकरांना नवी नाही, एवढाच काय तो दिलासा. जयपूरच्या पुढं सकाळी धुकं उचलल्याशिवाय हॉटेलातून बाहेर पडू नका, मग दहा वाजोत की अकरा. दिल्ली शहरात शिरूच नका. हिवाळ्यात हवा बिघडली की तिथं जुन्या गाड्यांवर बंधनं येतात, गर्दी तर बारा महिने. जयपूरच्या पुढं नारनौल गाठून १५२ डी हा नवा रस्ता धरला की दिल्लीला वळसा घालून अंबाल्याच्या बाजूला निघता येतं.

आता २५ डिसेंबर. त्या दिवशी मनालीत बर्फ असेलच हे कुणी सांगितलं? मनाली गाव समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे. तिथं थंडी रोज असते, बर्फ रोज पडत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयाला धडकले की बर्फ पडतो, आणि ते काही नाताळची सुट्टी बघून येत नाहीत. गावातच बर्फ हवा तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी जास्त भरवशाचा. नाताळात गेलेली कितीतरी कुटुंबं माल रोडवर स्वेटर घालून शेंगदाणे खाऊन परत आलेली मला माहीत आहेत.

आणि समजा पडलाच? २०२४ च्या डिसेंबरात, २३ तारखेला, तेच झालं. जोराचा बर्फ झाला आणि मनालीच्या पुढं सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या. पोलीस रात्रभर माणसं काढत होते. त्या गाड्यांत तुमच्यासारखीच सपाटीवरची मंडळी होती. गाड्या चांगल्या होत्या, ड्रायव्हरही पट्टीचेच असणार.

इथं मला तुमच्या पत्रातली खरी भीती वाटते. सहा मित्र. एकाच तालमीतले. एकानं ‘जाऊ की रे पुढं’ म्हटलं की पाच जण ‘नाद खुळा’ म्हणणार. रस्ता चकाकतोय, मागं फिरावं, हे सहाही जणांच्या मनात आलेलं असतं, पण तोंडातून काढायचं कुणी? जो काढेल त्याला परतीच्या साडेचार हजार... नाही, सव्वादोन हजार किलोमीटर ‘भित्री भागूबाई’ ऐकून घ्यावं लागतं. एकट्यादुकट्याला घाटात जी अक्कल सुचते ती टोळक्यात सुचत नाही, हे मी गाडीच्या आरशातून आयुष्यभर बघितलंय. तेव्हा इथून निघायच्या आधी, तालमीतच बसून, एक जण नेमा. तो ड्रायव्हर नको. गाडीचा मालकही नको, त्याला गाडीचा अभिमान असतो. तुमच्यात कमी बोलणारा कोण आहे? त्याला नेमा. तो ‘फिरवा’ म्हणाला की गाडी फिरली पाहिजे. चर्चा हॉटेलवर जाऊन करायची. आणि त्याची नंतर कधीही टिंगल होणार नाही, हेही तालमीतच ठरवून घ्या.

आता टिप्स मागितल्यात त्या देतो.

ज्याला तुम्ही बर्फ म्हणता, म्हणजे ताजा भुसभुशीत पांढरा, तो तेवढा वाईट नाही. पाय रुतवून चालता येतं तशी गाडीही हळूहळू चालते. माणसं मरतात ती न दिसणाऱ्या बर्फावर. दुपारी उन्हानं कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर येतं, सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी काचेसारखं गोठतं. डांबर काळंच दिसतं, फक्त जरा ओलं. देवदाराच्या सावलीतली वळणं, पुलांचे पृष्ठभाग, बोगद्याची तोंडं या त्याच्या जागा. अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला. साधारण तीन हजार मीटर उंचीवर. आत रस्ता कोरडा, दिव्यांचा, गाडी पळते. पलीकडच्या तोंडातून लाहौलमध्ये बाहेर पडताना त्याच वेगात असलात तर बाहेरचा बर्फ तुम्हाला विचारत नाही. बोगद्यात गाडी थांबवून नाचणाऱ्यांवर पोलीस कारवाई करतात, हेही जाता जाता सांगतो, कारण मला तुम्ही नाचाल असं वाटतंय.

म्हणून वेळ पाळा. सकाळी दहाच्या आधी वर निघायचं नाही आणि चारच्या आत हॉटेलवर. चढताना पहिल्या गिअरमध्ये जोर देऊ नका, चाक जागेवर फिरतं. दुसरा टाका आणि क्लच अंड्यावर पाय ठेवल्यासारखा सोडा. उतरताना ब्रेकला पाय लावायचा नाही असं समजा, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरतं. ब्रेक, वळण आणि रेस या तिन्हींतली एका वेळी एकच गोष्ट करायची. वळणाच्या आधी वेग कमी, मग वळण, मग हलका रेस. गाडी घसरलीच तर रेस सोडा आणि जिथं जायचंय तिकडं बघत स्टिअरिंग हळू फिरवा. दरीकडं बघितलंत तर हात दरीकडंच वळतात. पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपल्या हायवेवर ठेवता त्याच्या कितीतरी पट. मधे कुणी पंजाबची थार घुसली तर घुसू द्या.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. ओला लाइनर रात्रीत ड्रमला गोठून चिकटतो आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड. वायपर उचलून ठेवा. सकाळी काचेवर गोठलेला थर असेल तर त्यावर गरम पाणी ओतणारा शहाणा प्रत्येक टोळक्यात एक असतो, त्याचा हात धरा. काच तडकते. गाडी सुरू करा, हीटर काचेवर सोडा, चहा प्या.

निघण्याआधी एक काम उद्यमनगरात करून घ्या. रेडिएटरमध्ये काय आहे ते तपासा. आपल्याकडं उन्हाळ्यात पातळी कमी दिसली की बाटलीतलं पाणी ओतायची सवय आहे, आणि कोल्हापुरात त्यानं काही बिघडत नाही. तिकडं ते पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि इंजिनच्या ब्लॉकला चीर पाडू शकतं. सगळं काढून टाका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. असं मिश्रण उणे तीसच्याही खाली गोठत नाही. बॅटरी तीन वर्षांची म्हणजे मूळचीच असणार. थंडीत तिचा जोर कमी होतो, लोड टेस्ट करून घ्या. टायरची नक्षी झिजली असेल तर खर्च तिथं करा, गॉगलवर नको.

आता माझं मत. सुट्टी नऊच दिवसांची असेल तर गाडी घरी ठेवा. मिरजेतून गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला उतरा, पुढं चंदीगडहून तिथला ड्रायव्हर असलेली गाडी करा. किरतपूरच्या पुढं बोगद्यांचा नवा रस्ता झाल्यानं चंदीगड-मनाली आता एका दिवसाच्या उजेडात आरामात होतं. आपल्याच गाडीनं जायचं असेल तर तेरा-चौदा दिवसांची सुट्टी जमवा आणि फेब्रुवारीत जा. तेव्हाही मनालीपर्यंत गाडी तुमची. पुढं सोलंग, बोगदा, सिस्सू या पट्ट्यात बर्फ असेल तर गाडी हॉटेलवर ठेवायची आणि तिथल्या माणसाची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी करायची. बर्फ पडला की पोलीस पुढं फोर बाय फोर नाहीतर चेनवाल्या, म्हणजे टायरवर साखळ्या चढवलेल्या गाड्याच सोडतात. त्या पोरांना रोजचा रस्ता आहे, कुठल्या वळणावर सावली किती वाजता पडते ते पाठ असतं. पैसे जातात म्हणून हळहळू नका, सहा जणांत वाटले की एका मिसळीचे होतात. बरं, मिसळीचे नाही, पण ताटभर मटणाचे.

घरच्यांना हे उत्तर पूर्ण वाचायला द्या. फक्त शेवटचा परिच्छेद कापून दाखवू नका.

प्रश्न : माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. ऑफिसातल्या तीन मुली आणि तीन मुलगे मिळून जानेवारीत मनालीला चाललेत. चंदीगडपर्यंत विमान आणि पुढं सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्यानं. हिचे वडील काही बोलत नाहीत, नुसता पेपर वाचतात. मी पाठवू की नको? मुलं बरोबर आहेत याचाच जिवाला घोर लागून राहिलाय.
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, बावीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीला ‘पाठवू की नको’ हा प्रश्न आपल्या हातात उरलाय असं मला वाटत नाही. ती तुम्हाला सांगून चाललीय, हेच मोठं समजा. न सांगता गेलेल्यांचे आईबाप मला जास्त फोन करतात.

मुलं बरोबर आहेत, याचा घोर थोडा कमी करा. मला घोर आहे तो स्टिअरिंगवर कोण बसणार याचा. तिला चार गोष्टी विचारा, पण उलटतपासणीसारखं नको, भाकरी करता करता विचारा. सहा जणांत घाट चालवलेला कोण आहे? पुण्यात रोज ट्रॅफिकमध्ये चालवणं वेगळं. वरंधा, ताम्हिणी, फोंडा पावसात चालवलेला एकतरी आहे का? विमान चंदीगडला किती वाजता उतरतं? दुपारी उतरून त्याच दिवशी मनाली गाठायची असा बेत असेल तर कुल्लूच्या पुढं अंधार पडणार. एक रात्र चंदीगडला किंवा मंडीला काढा म्हणावं, खोलीचे पैसे तुम्ही द्या. आईनं पैसे दिले की ऐकलं जातं. तिसरं, भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचलाय का? बऱ्याच करारांत बर्फाचे रस्ते किंवा ठरावीक भाग वगळलेले असतात, तिथं गाडीला काही झालं तर सगळा खर्च अंगावर येतो. नंबरप्लेटही बघायला सांगा. भाड्याची गाडी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली पाहिजे. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी गाडी स्वस्तात मिळत असेल तर तिला हात लावायचा नाही, अपघात झाला तर विमा कंपनी कानावर हात ठेवते.

आणि चौथं, दारू. हे तुम्हीच विचारा, मला माहीत आहे तुम्हाला जड जाईल. थंडीत दोन घोट घेतले की ऊब येते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर रक्त कातडीकडं धावतं, म्हणून गरम वाटतं आणि आतलं शरीर त्यामुळंच लवकर थंड पडतं. हॉटेलच्या खोलीत कोण काय करतं ते सोडा. ज्यानं घेतली तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडीला हात लावणार नाही, एवढं त्यांच्यात ठरलंय का ते बघा.

फोनचं म्हणाल तर हिमाचलात आपलं प्रीपेड सिम चालतं. ते बंद पडतं काश्मीर आणि लडाखमध्ये. पण बोगद्यापलीकडं रेंज येते-जाते, त्यामुळं दुपारी दोन तास फोन लागला नाही म्हणून देव पाण्यात ठेवू नका. रोज संध्याकाळी हॉटेलवर पोचल्यावर एक फोन, एवढंच ठरवा. तो चुकला तर मात्र हॉटेलचा नंबर तुमच्याकडं लिहिलेला हवा. अडचणीत ११२ आहेच, आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. दोन्ही तिच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः सेव्ह करून द्या.

पेपर वाचणाऱ्या वडिलांना हे पान उघडून द्या.

प्रश्न : डिझेल बोलेरो घेऊन चौघं जण शिमला-नारकंडा करणार आहोत. गावातला एक जुना ट्रकवाला म्हणतो, तिकडं डिझेल गोठतं, टाकीत लिटरभर रॉकेल टाका. खरं का? आणि चेन कुठल्या चाकांना लावायची?
— गडहिंग्लज

उत्तर : डिझेल पाण्यासारखं गोठत नाही, पण थंडीत त्यातलं मेण सुटतं, डिझेल गढूळ होतं आणि ते मेण फिल्टरमध्ये अडकतं. गाडी सुरू होते आणि फर्लांगभर जाऊन मरते. ट्रकवाल्याचं रॉकेल जुन्या इंजिनाच्या काळातलं आहे. आजच्या इंजिनांचा पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, रॉकेल गेलं की ते घासतात आणि बिल हजारांत येतं. टाकू नका. तशी गरजही नाही. गडहिंग्लजचं डिझेल शिमल्यापर्यंत उरणारच नाही. वर चढताना हिमाचलातल्या पंपावर टाकी भरून घ्या आणि अर्ध्याच्या खाली येऊ देऊ नका, अडकलात तर हीटर त्यावरच चालणार. उणे तेहतीसपर्यंत टिकणारं खास डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये काढलं ते लडाखसाठी. नारकंडा २,७०० मीटरवर आहे, तिथं तेवढी वेळ येत नाही.

चेन ओढणाऱ्या चाकांना लावायची. तुमच्या बोलेरोला मागच्या. अर्टिगासारख्या गाड्यांना पुढच्या. विकत घेताना टायरच्या कडेवरचा आकडा लिहून न्या, अर्टिगाला १८५/६५ आर १५ असतो तसा, अंदाजानं घेतलेली चेन सैल बसते आणि मडगार्ड फाडते. आणि घरी एकदा लावून बघा. दारात, कोरड्या जमिनीवर. चेन सरळ पसरायची, एकही पीळ राहता कामा नये. टायरवरून टाकायची, आधी आतल्या बाजूची कडी अडकवायची, ती दिसत नाही, बोटानंच चाचपावी लागते, मग बाहेरची, मग ताण द्यायचा. पंधरा-वीस फूट गाडी पुढं घेऊन उतरून पुन्हा ताणायची, पहिल्या ताणावर कुणी जात नाही. गल्लीतली पोरं हसतील. तिथं हेच काम बधिर बोटांनी, चिखलात गुडघे टेकून, मागं हॉर्न वाजत असताना करायचंय. आतली कडी सराव नसेल तर सापडत नाही. चेन लावून तीसच्या वर जायचं नाही आणि डांबर लागलं की काढायची.

प्रश्न : हॉटेलं महाग आहेत. गाडीतच काचा लावून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून झोपलं तर चालेल का? किंवा खोलीत कोळशाची शेगडी?
— जयसिंगपूर

उत्तर : नाही. दोन्ही नाही.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या गावी एका रात्रीत एवढा बर्फ पडला की पर्यटकांच्या गाड्या रस्त्यातच अडकल्या. माणसं काचा लावून, हीटर सुरू ठेवून बसली. वीसहून जास्त जण दगावले, त्यांत लहान मुलं होती. काही थंडीनं गेले, काही कार्बन मोनॉक्साइडनं. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं की धूर मागं वळून गाडीत शिरतो. त्यातल्या या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि माणसाला वाटतं की प्रवासाचा शीण आहे. आपल्याकडं बंद बाथरूममध्ये गॅस गिझरनं माणसं जातात, तोच हा वायू. कोळशाच्या शेगडीतूनही तोच निघतो.

नाइलाजानं गाडीत अडकलातच तर इंजिन तासातून दहा मिनिटं चालवा. त्याआधी दर वेळी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातानं काढा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही, एक जण जागा. गाडी सोडून चालत मदत शोधायला निघू नका. पैसे वाचवायचे असतील तर मनालीच्या आत गल्ल्यांत, जुन्या मनालीच्या बाजूला होमस्टे बघा. आणि भडंग घेऊन जाणार असालच तर होमस्टेवाल्यांना एक पाकीट द्या, जयसिंगपूरची ओळख राहील.

प्रश्न : रोहतांगला गाडी नेण्यासाठी परवाना कुठं मिळतो? जानेवारीत जातोय.
— कागल

उत्तर : जानेवारीत परवाना मिळाला तरी रस्ता मिळणार नाही. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर, हिवाळाभर बर्फाखाली असते, साधारण मे महिन्यात उघडते. तेव्हा ऑनलाइन परवाना घ्यायचा. हरित लवादानं दिवसाला बाराशे गाड्यांची मर्यादा घातली आहे, आठशे पेट्रोल आणि चारशे डिझेल, आणि मंगळवारी देखभालीसाठी रस्ता बंद असतो. जानेवारीत बोगद्यातून सिस्सूकडं जा. त्याला हा परवाना लागत नाही. पण निघण्याआधी चौकशी करा. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत लाहौलमध्ये देवांचे सण असतात, त्या काळात तिथल्या पंचायतींनी पर्यटकांना येऊ नका म्हटल्याचं घडलेलं आहे. आपल्या गावच्या जत्रेत कुणी पालखीसमोर स्पीकर लावून नाचलेलं आपल्यालाही चालत नाही.

प्रश्न : बर्फात कोल्हापुरी चप्पल घालून फोटो काढायचा आहे, व्हायरल होईल. काही धोका? आणि तिकडं तांबडा रस्सा करता येईल का, सगळा मसाला नेतोय.
— राजारामपुरी

उत्तर : चप्पल कातड्याची आहे. ओली झाली की फुगते, हीटरजवळ वाळवली की वाकडी होते. फोटो काढा, पायात मोजे घालून, आणि लगेच गमबूट चढवा. मनालीच्या पुढं रस्त्याकडेला कोट-गमबूट भाड्यानं देणारी नंबरांची दुकानं ओळीनं आहेत. स्वतःचे मोजे मात्र दोन जोड जास्त न्या, भाड्याचे बूट आतून कोरडे असतीलच असं नाही.

रस्सा होईल. होमस्टेच्या बाईंना आधी विचारा, त्यांचं स्वयंपाकघर आहे, देवघरही शेजारी असू शकतं. मनालीच्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं पातेल्यात मटण शिजता शिजत नाही. कुकर लावा आणि शिट्ट्या वाढवा. कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत बांधा, नाहीतर परत येईपर्यंत सगळ्यांच्या स्वेटरला त्याचाच वास येईल.

*(पत्र पाठवताना गाडीचं मॉडेल, इंधन आणि किती जण जाणार ते लिहा. नुसतं ‘आमची गाडी’ लिहिलं की मला काही कळत नाही.)*